हुंगायचं काम

आमच्या कोष्टी मोहल्ल्यात माझं नाक प्रसिद्ध होतं. सुताला लावायच्या खळीला जरा आंबूस वास यायला लागला, की बाबा मलाच हाक मारायचे. याच गुणावर आखाड्याच्या वस्तादांनी मला दारात उभं केलं. विसाव्या वर्षी एवढा मान मिळाला की माणूस फुगतो, तसा मी फुगलो.

नाक्यावर सरकारी परवान्याचं गांजाचं दुकान होतं. ते हलवा म्हणून मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी गोऱ्या साहेबाकडे दोनदा अर्ज केला, पण दुकान काही हललं नाही. त्याहून वाईट होती सक्करदऱ्याच्या तलावावर बसणारी टोळी. ती पोरांना आधी चिलीम फुकट पाजायची, मग चोरी-मारामारीला सोबत न्यायची. आमची दोन पोरं अशी हातची गेली, तेव्हा मारुतीच्या पारावर बैठक बसली. ठरलं असं, की मिसरूड फुटलेल्या प्रत्येक पोरानं रोज सकाळी आखाड्यात यायचं आणि दारात मी त्याचं तोंड हुंगायचं. गांजाचा वास आला तर पुढच्या नागपंचमीपर्यंत त्याला आखाडा बंद, आणि तोवर मोहल्ल्यात कुणी त्याच्याशी अवाक्षरही बोलायचं नाही. पोरं मारापेक्षा अबोल्याला जास्त भितात, असं वस्ताद म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान सगळ्यात जोरात डोलली.

खरं सांगायचं तर सुरुवातीला सगळं छान चाललं. पोरं रांगेनं यायची, आ करायची, मी हुंगायचो आणि वर नाकानं कांदेही सोलायचो. कुणी दात घासले नसतील तर त्यालाही चार शब्द ऐकवायचो.

मग थंडीतल्या एका सकाळी माझा धाकटा भाऊ रांगेत आला. सतरा वर्षांचा, माझ्यापेक्षा उंच, मागावर माझ्यापेक्षा हात चलाख. त्यानं वेलदोडा चघळला होता. वेलदोड्याखालचा वास मला लगेच कळला. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांत होते. मला गप्प राहता आलं असतं, घरी नेऊन दोन थोबाडीत देता आल्या असत्या. पण मागे रांग उभी होती, आणि घरच्याला सोडला असं कुणी म्हणू नये याची मला त्याच्या भल्यापेक्षा जास्त काळजी होती. मी मोठ्यानं सांगितलं.

वस्तादांनी मला शाबासकी दिली. ती मला आवडली, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्या दिवसापासून आम्ही दोघं एकाच घरात अबोल्यानं राहू लागलो. बाबा बोलेनात, मी बोलेना. त्याच्या बरोबरीची पोरं त्याला पाहून गल्ली बदलत. माय तेवढी बोलायची. बाबांनी एकदा तिला हटकलं तर ती म्हणाली, "मी नाई बसली तुमच्या बैठकीत." पण सतराव्या वर्षी पोराला आईशी बोलून किती पुरणार? माय सोडली तर त्याच्याशी बोलणारे तलावावरचे तेवढेच उरले होते. एवढी साधी गोष्ट पारावरच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नाही, माझ्याही नाही.

आषाढात एका संध्याकाळी मी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलो होतो. तो समोर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, त्याईनं मले उद्या सीताबर्डीच्या बाजारात बोलावलं. माह्या मनात नाई. पन नाई गेलो तर मारतीन म्हणते. जाऊ का नको, सांग ना गा."

मी सूत गुंडाळत राहिलो. नागपंचमीला महिनाभर उरला होता. एवढे दिवस काढले, आता काय मोडायचं, असं माझ्या मनात होतं.

"बोलू नको," तो म्हणाला. "नुसती मान हालवली तरी चालन."

मी मानही हलवली नाही. त्यानं माझ्याजवळची रिकाम्या कांड्यांची टोपली भरलेल्या टोपलीशेजारी नीट लावली आणि तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी बाजारात टोळीनं एका कापडवाल्याला अडवलं. झटापटीत कुणीतरी सुरी काढली. बाकीचे पांगले, पोलिसांना हा सापडला, हातात कापडाचा गठ्ठा घेऊन उभा. त्याला पळायचंही शिकवलेलं नव्हतं. कापडवाला वाचला, पण याला शिक्षा झाली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो तुरुंगातच तापानं गेला. भेटीला मी एकदाच गेलो होतो. तेव्हा मी खूप बोललो. तो हसून ऐकत होता, बोलला मात्र नाही.

त्यानंतर मोहल्ल्यानं नियम बदलला. ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला आखाड्यात सगळ्यांच्या आधी घ्यायचं, आणि दिवसभर कुणीतरी मोठ्या माणसानं त्याला आपल्याजवळ मागावर बसवायचं, गप्पा मारायच्या. बैठकीत हे मीच मांडलं. कसं सुचलं ते कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षभरात तलावावर बसणारी आमची तीन पोरं परत आली.

हे सांगायला वस्ताद मुद्दाम आमच्या घरी आले. मायसमोर हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्या पोरापासून आमी शिकलो."

माय तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "शिकले ते चांगलं झालं," ती म्हणाली. "पन माह्या पोरावर शिकले."

वस्ताद खाली मान घालून निघून गेले. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. मी तिला त्या संध्याकाळचं कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, मान न हलवल्याचंसुद्धा.

"तवा मी चुलीपाशीच होती," ती म्हणाली. "मले वाटलं, तू हालवशीन."