नानांच्या एकसष्टीची कार्डं

हसायचं नंतर, आधी चहा खाली ठेवा. मूर्खपणा माझ्या हातून पुष्कळ झाला, पण धडधाकट माणसाला पोस्टाने स्वर्गात पाठवायचा पराक्रम मी एकदाच केला. तोही स्वतःच्या सुभेदाराला.

त्याचं असं झालं. आम्ही छत्रीवाले फौजी. म्हणजे विमानातून पॅराशूट बांधून खाली उड्या टाकणारे. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या तुकडीत खानदेशातले चौदा जण होतो आणि चौदाही जिवंत परत आलो. तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. कुणाकडे लग्न असो, बारसं असो, नाहीतर म्हैस व्यालेली असो, सगळ्यांच्या घरी पोस्टकार्ड जाणार. लिहिणार कोण? मी. अक्षर बरं आहे म्हणून. शिवाय फौजेतून सुटल्यावर मला भुसावळ स्टेशनात फाटकावर तिकिटं तपासायची नोकरी लागली, त्यामुळे मी नुसता बसून असतो अशी सगळ्यांची खात्री.

आमचे सुभेदार म्हणजे नाना, पिंपळनेरचे. आम्हा पोरांना त्यांनी बापासारखं सांभाळलं. त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे पारोळ्याचा दामू, आणि नेमकी त्याच्याशीच त्यांची बोलचाल बंद. आठ वर्षं!

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. दामूच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत, नवे व्याही शेजारी बसलेले असताना नाना म्हणाले, "हा कसला उडी मारतो? एकाहत्तरला विमानाच्या दारात खांबासारखा उभा होता. मी मागून ढकलला तेव्हा गेला." पंगत पोट धरून हसली. दामू पानावरून उठला. "मी माझ्या पायांनी उडी मारली," असं म्हणाला आणि त्यानंतर नानांच्या दारात आला नाही.

नानांची एकसष्टी ठरली तेव्हा त्यांच्या बायकोने, आमच्या अक्कांनी, मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हे बोलत नाहीत, पण दामूभावजी आले नाहीत तर यांना घास जायचा नाही. काहीही कर, पण त्यांना आण."

मी शब्द दिला. मी शब्द दिला की काय होतं ते आमच्या मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारा. ती सविस्तर सांगेल.

कार्डं मी ड्यूटीवरच लिहिली. एका हातात पेन, दुसऱ्या हातात तिकिटाचा कोपरा कापायचा चिमटा. गाडी आली की शंभर तिकिटांचे कोपरे उडवायचे, गाडी गेली की दोन कार्डं लिहायची. लिहिलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं याचा घोळ नको, म्हणून झालेल्या कार्डाचाही कोपरा उडवत गेलो. हाताला वळणच ते. वर स्वतःच्या शिस्तीवर खूश झालो आणि बाराच्या बारा कार्डं पेटीत टाकून घरी आलो.

आता तुमच्या गालात हसू आलं, म्हणजे तुम्हाला कळलं. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शुभकार्याच्या पत्राला हळदकुंकू लावतात, आणि कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. असलं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडायचं आणि आंघोळीला पळायचं. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं हो. अशी कितीतरी कार्डं मी स्वतः फाडलीत. पण त्या दिवशी डोकं रजेवर आणि हात तेवढे ड्यूटीवर होते.

रविवारी सकाळी पिंपळनेरला दारात मांडव पडला होता. नानांचा वर्दीतला मोठा फोटो मी खुर्चीवर ठेवून त्याला झेंडूचा हार घातला. ही कल्पनाही माझीच. अक्का आत पुरणाचे मांडे करत होत्या. नाना मागच्या अंगणात दाढी करायला बसले होते.

पहिला आला आमचा चोपड्याचा गडी. त्याच्या दोन हातांत दोन पिशव्या. एकीत पेढे, दुसरीत पांढरा टॉवेल आणि टोपी.

"दोन कशाला रे?" मी विचारलं.

"मजकूर वाचला तर एकसष्टी, कोपरा बघितला तर दहावं. बायको म्हणाली, दोन्ही तयारीनं जा." असं म्हणून त्याने कार्ड माझ्या नाकासमोर धरलं.

तो कापलेला कोपरा बघितला आणि मला ड्यूटीवरचा चिमटा आठवला. याने निदान मजकूर तरी वाचला होता. बाकीच्यांनी वाचला असेल का? दामूने?

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि बायकांनी एकदम गळा काढला. पारोळ्याची मंडळी. दामूने कोपरा बघितला होता, पुढे 'आपले नाना' एवढंच वाचलं होतं आणि कार्ड बायकोकडे टाकून ओसरीवर मटकन बसला होता. तिने घाईघाईत 'रविवारी पिंपळनेरला' तेवढं शोधलं. दोघं धरून चालली की दहावं आहे.

रडणं ऐकून अक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. आपल्याकडे रडणाऱ्या बाईला आधी धीर देतात, चौकशी नंतर. त्यांनी दामूच्या बायकोला मिठी मारली आणि स्वतःही रडायला लागल्या. रडता रडता विचारतात, "कोन गया वो बाई?" दामूच्या बायकोने त्यांच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू बघितलं आणि आणखी मोठ्याने हंबरडा फोडला. तिला वाटलं, अक्कांच्या डोक्यावर परिणाम झाला.

मी "अहो वहिनी, अहो ऐका" करत मध्ये नाचत होतो. माझं कोण ऐकतो?

दामू मात्र कुणाकडे न बघता सरळ मांडवात शिरला. फौजी माणूस, रिकाम्या हाताने कसा येईल? धुळ्याहून भलंमोठं पुष्पचक्र करून आणलं होतं, त्यावर आडवी पट्टी: 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हार घातलेला फोटो दिसला, तेव्हा उरलीसुरली शंकाही संपली. त्याने चक्र फोटोला टेकवलं, टाच आपटून सॅल्यूट ठोकला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"नाना, खरं सांगस. मी उडी मारी नही. तुमीच माले ढकलं. तुमी ढकलं नसतं ते मी आजबी तठेच उभा ऱ्हातू."

"मंग हाई व्याहीसमोर बोलाले काय व्हयनं व्हतं?"

मागे नाना उभे. अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा.

दामूने वळून बघितलं. मग त्याने नानांना जी मिठी मारली, तिच्यात साबण त्याच्या मिशांना लागला. आठ वर्षांचं भांडण तिथेच संपलं. मी सुटलो म्हणून हळूच मागे सरकत होतो, तेवढ्यात नाना म्हणाले, "आन माले कोन ढकलं, ते इचारं का कधी?"

वस्तरा माझ्याकडे वळला.

"मना मांगे हाऊ उभा व्हता. उडी माराना हिरवा दिवा लागना, याले चक्कर उनी. हाऊ मना आंगवर पडना आन मी तुना आंगवर."

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. काय सांगू? खरं होतं ते. खाली उतरल्यावर मी नानांचे पाय धरले होते, कुणाला सांगू नका म्हणून. वीस वर्षं त्या माणसाने शब्द पाळला. लाडक्या दामूशी वैर झालं, तरी माझं नाव घेतलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

पण त्या दिवशी सगळेच रडत होते, माझं रडणं कोण मोजतो? दामूने डोळे पुसले, फोटोपाशी जाऊन पुष्पचक्र उचललं आणि शांतपणे माझ्या गळ्यात घातलं. "परत लई जातस नही," म्हणाला. मंगल म्हणाली, "शोभतंय." नेमका तेव्हाच फोटोवाला आला. नाना आणि दामू मध्ये गळ्यात गळा घालून उभे राहिले, आणि कडेला मी, छातीवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची पट्टी. चक्र काढायला हात वर केला तर फोटोवाला ओरडला, "हलू नका."

त्या फोटोच्या चौदा प्रती निघाल्या, चौदा घरांत लागल्या. गेल्या वर्षी दामूकडे गेलो. दामू शेतात गेलेला. घरात नुकतीच आलेली सून होती. ती तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि तांब्या तिथेच टाकून किंचाळत आत पळाली.