एकच कागद

प्राध्यापकपद एकच होतं आणि ते मला मिळालं. सावंत सर माझ्याहून सीनियर; अर्ज त्यांचाही होता. आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत, शेजारशेजारच्या टेबलांवर, प्रकाशाच्या सुट्या कणांवर काम करतो. निकाल कळला त्या दुपारी मी दार ढकललं, तर सर माझ्या लेझरच्या टेबलावर वाकलेले.

“काय करताय तुम्ही तिथे?” माझा आवाज नको तितका चढला.

ते वळले. “एसीतून पाणी गळतंय, मॅडम. प्लास्टिकचा कागद एकच सापडला, म्हणून तुमचे आरसे झाकले. आणि अभिनंदन हं! सकाळपासून भेटच झाली नाही आपली.”

त्यांच्या स्वतःच्या टेबलावर पाणी टपटपत होतं. कित्येक महिने खपून जुळवलेली त्यांची सगळी मांडणी भिजली होती.

प्रकाशाचा एक कणही नजरेतून सुटू नये म्हणून मी उमेदीची वर्षं घालवली, आणि समोरच्या माणसात मला आधी वैरीच दिसला. पदामागे धावताना ही नजर कधी आली, कळलंच नाही. मान वर होईना. रुमाल काढून मी घाईघाईनं त्यांचा आरसा पुसायला गेले.

“नको, ओरखडे पडतील,” ते हळूच म्हणाले.