डब्लिनच्या बसमध्ये कंडक्टर नसतो

निवृत्त झालो त्या महिन्यात मी घरात इतक्या येरझारा घातल्या की बायको म्हणाली, "तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. गाडी सुटली म्हणून घरालाच फेऱ्या मारून राहिले का?" तिचं काही चुकलं नव्हतं. एसटीत कंडक्टर म्हणून माझी सगळी नोकरी उभ्यानं गेली. हिंगोली, कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा, नांदेड आणि परत. बसून काही करायची सवयच नव्हती. चहाचा कप हातात घेऊन मी अंगणात जायचो, तिथून रस्त्यावर आणि रस्त्यावरून थेट फाट्यावर. तिथं उभं राहून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा बघायचो. उशीर झाला की कंडक्टरला बोल लावायचो. एकदा एका नव्या कंडक्टरनं हात जोडले. म्हणाला, "मामा, घरी जा आता." मी गेलो नाही.

आमचा तांडा वारंगा फाट्यापासून दीडेक किलोमीटरवर. घरात आम्ही तांड्याची बोली बोलतो. इथं मराठीत लिहितोय, कारण शाळेत तेवढंच लिहायला शिकलो. एकुलती एक मुलगी. नांदेडला नर्सिंग शिकली आणि दोन वर्षांपूर्वी डब्लिनला गेली. आयर्लंड नावाचा वेगळा देश आहे हे मला तिच्या कागदपत्रांवरून कळलं. तोवर मी त्याला इंग्लंडच समजत होतो. तांड्यातून परदेशी गेलेली ती पहिलीच. मी पेढे वाटले. फाट्यावर फ्लेक्स लावला. त्यावर तिचा पांढऱ्या कोटातला फोटो, खाली माझ्यासकट बारा जणांचे फोटो आणि वर मोठ्या अक्षरात 'परदेशात नर्सपदी निवड'. फ्लेक्सवाला म्हणाला, शुभेच्छुक फार झाले, मुलगी दिसेना. मी म्हटलं, तिचा चेहरा मोठा कर, पण कुणाला काढू नको.

पहिलं वर्ष फोन रोज यायचा. मी विचारायचो, "सगळं बराबर हाय ना?" ती म्हणायची, "व्हय बापू." मग दिवसाआड यायला लागला. मग आठवड्यातून एकदा, तोही घाईत. व्हिडिओ तर बंदच झाला. नेट नीट चालत नाही, म्हणायची. तिचा आवाज तर नीट ऐकू येत होता, मग चेहऱ्यालाच नेट कसं पुरत नव्हतं? मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "कामात असंल लेकरू. तुमी जरा दम धरा." दम धरणं मला कधीच जमलेलं नाही. पोरीचं तिकडं काहीतरी बिनसलंय, एवढं एकच डोक्यात घुमायला लागलं. ते काय, हे मला कळायला हवं होतं. जेवताना, झोपताना, फाट्यावर उभं राहूनसुद्धा जीव थाऱ्यावर नसायचा.

मग मला फेसबुकवर डब्लिनमधल्या मराठी लोकांचा एक ग्रुप सापडला. आत घेण्याआधी त्यांनी प्रश्न विचारला होता, 'आपण शहरात कुठे राहता?' मी खरं ते लिहिलं, वारंगा फाटा. तरी त्यांनी मला आत घेतलं. बहुधा त्यांना वाटलं असेल, गंमत करतोय.

ग्रुपवर काय नसायचं. भाड्यानं खोली मिळत नाही, कढीपत्ता कुठं मिळतो, कचऱ्याच्या काळ्या, हिरव्या आणि तपकिरी डब्यांत काय काय टाकायचं. समुद्रावरचे पक्षी हातातलं खाणं पळवतात, उन्हाळ्यात दहा वाजेपर्यंत उजेड राहतो आणि मुलं झोपत नाहीत. मी सगळं वाचायचो. पोरगी या सगळ्यातून कशी जात असेल याचा अंदाज बांधायचो. आठ दिवसांत तिथला कचरा कुठल्या डब्यात जातो हे मला तांड्यातल्या घंटागाडीपेक्षा जास्त माहीत झालं.

एके दिवशी एकानं लिहिलं, की तो तिथं सिटी बस चालवतो आणि सकाळच्या गर्दीत लोक दारापाशीच घोळका करून उभे राहतात, आत सरकतच नाहीत. हे वाचून माझ्या अंगात एकदम चैतन्य आलं. मी खाली लिहिलं, 'कंडक्टरला मागून पुढे ढकलत यायला सांगा. पुढून सांगून कोणी सरकत नाही.' त्यानं उत्तर दिलं, 'काका, इथल्या बसमध्ये कंडक्टर नसतो.'

मला ते पटेना. दुमजली बस आणि कंडक्टर नाही? वरच्या मजल्यावर तिकीट कोण फाडतं? घंटी कोण मारतं? तो म्हणाला, घंटी प्रवासीच मारतात. तिकीट आत येतानाच काढतात, बहुतेक जण कार्डावर. आणि उतरताना दारातून मागे वळून ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतात. म्हातारे, पोरंटोरं, दारू प्यालेले, सगळेच. मी लिहिलं, 'आमच्याकडे उतरताना सुट्ट्या पैशांवरून शिव्या देतात.' त्यानं हसणारी तोंडं पाठवली, ओळीनं पाच.

तिथून आमची दोस्ती झाली. माणूस सातारा भागातला, चाळिशीचा. बायको तिथल्या इस्पितळात, तिच्यामागे हा गेला आणि बस चालवायला लागला. त्याला मी कधी बघितलं नव्हतं आणि त्यानं मला. त्याची सकाळची फेरी संपायची तेव्हा आमच्याकडे दुपारचे अडीच-तीन वाजलेले असायचे. जेवण करून मी लिंबाखाली फोन घेऊन तयारच असायचो. त्यानं मला त्याचा रूट पाठवला, स्टॉपच्या नावांसकट. मी त्याला आमचा पाठवला. तो म्हणायचा, "काका, ब्रेकला तुमच्याशी बोललं की गावाकडं गेल्यासारखं वाटतंय. इथं दिवसभर हजार माणसं बघतो, पण बोलायला कोण नाही." मी म्हणायचो, माझं उलट आहे. बोलायला अख्खा तांडा आहे, पण बसबद्दल बोललं की सगळे उठून जातात.

मी त्याला पोरीचं सांगितलं होतं. ती नर्स आहे, अमुक भागात राहते. 'तिच्या घराजवळून कोणती बस जाते?' त्यानं नंबर सांगितला. मग मी रोज मोबाईलच्या नकाशावर त्या बसचा रस्ता बोटानं चालत जायचो. वळण, पूल, शाळा, तिची गल्ली. मला वाटायचं, म्हणजे मी तिच्यापर्यंत पोचलोच.

एकदा तिचा सलग नऊ दिवस फोन आला नाही. 'बिझी आहे, ठीक आहे' एवढाच मेसेज. मला आमची जुनी रीत आठवली. आमच्या रूटवरच्या गावांतून नांदेडला शिकायला असलेल्या पोरांचे जेवणाचे डबे सकाळच्या गाडीनं जायचे. फडक्यात बांधलेले, वर नाव आणि कॉलेज लिहिलेले. ड्रायव्हरच्या केबिनमागे वीस-पंचवीस डबे असायचे. स्टँडवर पोरं येऊन न्यायची. माझी पोरगीही असाच डबा खाऊन शिकली. एखादा डबा दोन दिवस कुणी नेला नाही की आम्ही समजायचो, काहीतरी गडबड आहे. मग दोन फेऱ्यांच्या मध्ये वेळ काढून कंडक्टर स्वतः डबा घेऊन त्या खोलीवर जायचा. ताप असायचा, भांडण असायचं, कुणी नापास झालेलं असायचं. डब्याच्या निमित्तानं दार उघडायचं आणि माणूस डोळ्यांनी दिसायचा.

तेच मी केलं. सातारकराला पोरीचा पत्ता आणि नंबर पाठवला आणि लिहिलं, 'वहिनींना चार भाकरी आणि ठेचा करायला सांगा. तेवढा डबा तिच्या खोलीवर पोचवा. बापूनं पाठवला म्हणा.' तो लगेच 'हो काका' म्हणाला. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. अडचणीतल्या पोरीकडे डबा घेऊन जायला कुणाची परवानगी घ्यायची असते?

रविवारी तो गेला. दुपारपासून मी फोन घेऊन तांड्याला तीन चकरा मारल्या. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, 'डबा पोचला काका.' मी विचारलं, 'पोरगी कशी दिसली?' तो म्हणाला, 'चांगली आहे. भाकरी बघून खूश झाली.' पुढे तीन दिवस आम्ही नेहमीसारखे बोललो. कुठल्या रस्त्यावर खोदकाम काढलंय, कुठली बस वळवून न्यावी लागते. तो जरा तुटक बोलतोय असं मला वाटलं, पण माझा जीव भांड्यात पडला होता. मी लक्ष दिलं नाही.

चौथ्या दिवशी उन्हं कलताना पोरीचा फोन आला. व्हिडिओ नव्हता. आवाज कापत होता, पण रागानं.

"बापू, तुमी माझा पत्ता कुणालाबी काहून दिला?"

मी म्हटलं, "कुणालाबी न्हाई. आपला दोस्त हाय तो."

"तुमी त्याला कधी बघितलं तरी हाय का? तो माझ्या जुन्या घरी गेला. दार वाजवून माझं नाव घेऊन विचारलं. मी तिथं राहत न्हाई म्हटल्यावर शेजारी विचारलं. तिथल्या पोरी घाबरल्या. त्यांनी मला फोन केला, एक माणूस तुला शोधून राहिला म्हणून. मी दाराला कडी लावून बसले, बापू. त्याचा मेसेज आला, बापूनं भाकरी पाठवली, तेव्हा कळलं. मंग मीच त्यांना नव्या खोलीवर बोलावलं."

जुनं घर. माझं डोकं त्या एका शब्दावर अडकलं. मी काही विचारायच्या आत तीच भडाभडा बोलायला लागली. "आता तुमच्या दोस्तानं सांगितलंच असंल सगळं. व्हय, इथं नर्स व्हायची परीक्षा मी पास झाले न्हाई. दोनदा बसले. मी नर्स न्हाई. म्हाताऱ्या लोकांच्या आश्रमात मदतनीस हाय, पहिल्या दिवसापासून. खोली सोडली, आता चौघी एका खोलीत राहतो, म्हणून व्हिडिओ लावत न्हाई. झालं का समाधान?"

मी म्हटलं, "त्यानं मला काहीच सांगितलं न्हाई."

ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांना हात जोडले होते. पण मला वाटलं, तुमचे दोस्त हायेत, सांगतीलच."

मला त्या माणसाचा खूप राग आला. तीन दिवस तो माझ्याशी खोदकामाच्या गप्पा मारत होता आणि माझ्याच पोरीची गोष्ट पोटात ठेवून बसला होता. पण त्याच दमात हेही कळत होतं, की स्टँडवरच्या एखाद्या नापास पोरानं माझ्यापुढे हात जोडले असते तर मीही गावात जाऊन तोंड उघडलं नसतं. राग कुणावर काढावा ते समजेना. मी उभाच होतो. लिंबाखाली गोल गोल फिरत होतो.

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"कसं सांगणार? फाट्यावर फ्लेक्स लावला तुमी."

"आईला तरी सांगायचं."

"आईला माहीत हाय," ती म्हणाली.

मी वळून बघितलं. बायको दारात उभी होती, शेंगांचं सूप हातात घेऊन. तिनं मान खाली घातली नाही. सरळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे इतके महिने मी अंगणभर फिरत होतो, त्या सातासमुद्रापारच्या माणसाला प्रश्न विचारत होतो, आणि उत्तर माझ्याच चुलीजवळ बसलेलं होतं.

"मी विचारत व्हतो की तुला," मी पोरीला म्हटलं. माझा आवाज चढला होता. "दर फोनला विचारायचो."

"तुमी विचारायचे, सगळं बराबर हाय ना. त्याला व्हयच म्हणावं लागतं, बापू. माझ्या घरावरून कोणती बस जाते ते त्यांना विचारलं. मला काय विचारलं?"

मी बसलो. लिंबाच्या बुडाशी, मातीतच. लाज वाटत होती आणि तिची कीवही येत होती. ही पोरगी माझ्या पेढ्यांच्या आणि बारा शुभेच्छुकांच्या ओझ्याखाली दोन वर्षं एकटी राहिली होती. बायको सूप ठेवून येऊन शेजारी बसली.

शेवटी मी विचारलं, "आज सकाळपासून काय काय केलंस?"

तिला तो प्रश्न नवा होता. म्हणाली, एका आजीला आंघोळ घातली. आजीला काही आठवत नाही. ती हिला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारते आणि ही ओ देते. आंघोळ झाली, केस पुसले की आजी रोज एकच विचारते, आपण घरी कधी जायचं.

"मंग तू काय सांगती?"

"मी सांगते, उद्या. रोज उद्याच सांगते, बापू."

मला पुढचा प्रश्न माहीत होता. दोन वर्षं तोच विचारायचा होता आणि त्यालाच मी टाळत होतो, कारण त्याचं उत्तर आलं असतं तर फाट्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. बायकोनं माझा हात धरला.

"तुला घरी यायचंय का?"

ती व्हय म्हणाली नाही आणि न्हाईसुद्धा म्हणाली नाही. ती रडत होती, आणि तिनं फोन ठेवला नाही.