अकरा काठ्या

तीस वर्षं मी भिलाईच्या कारखान्यात सेफ्टीचं काम केलं आणि माझ्या हातून एकही अपघात झाला नाही. तो रिटायर झाल्यावर झाला. नव्या पोरांना मी नेहमी बजावायचो, "इथली एकेक पाटी कोनाच्या तरी गाढवपनामुळं लागली आहे, ध्यानात ठेवा." (तुम्हीही ठेवा. मला हे वाक्य आठवलं की कान तापतात.)

मुलाने आम्हा नवराबायकोला अंदमानच्या एका बेटावर पाठवलं. रिसॉर्ट म्हणजे बांबूच्या झोपड्या. रिसॉर्टच्या कमाईवर गावातल्या बाया समुद्री कासवांची अंडी राखतात. त्यांची मुख्य फुलमनी. तिचे आजोबा छत्तीसगडातल्या जशपूरकडून मजुरीला तिकडे गेलेले. आम्हीही छत्तीसगडचे म्हटल्यावर "दादा के मुलुक के आदमी आए हैं" असं तिने गावभर सांगितलं आणि आम्हाला शहाळी पाजली. मग म्हणे तिने पाहुण्यांना काठ्यांबद्दल सगळं समजावलं. तेव्हा मी स्वयंपाकघरात आग विझवायच्या वाळूच्या बादल्या तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे (सवय, दुसरं काय!) किनाऱ्यावर गेलो, तर वाळूत काठ्या रोवलेल्या. अकरा. कुठेही, कशाही. एकीला पाय अडकून मी साष्टांग पडलो आणि माझ्यातला सेफ्टीवाला जागा झाला. सगळ्या काठ्या उपटल्या. त्यांच्यावर कोळशाने काहीतरी खरडलं होतं, ते समुद्रात धुऊन काढलं. उंचीप्रमाणे लावून गठ्ठा बांधला. वाटेत आडवा ओंडका होता, तो ढकलत झाडाखाली नेला. शेवटी माळ्याचा पंजा फिरवून वाळू अशी सारखी केली, की भिलाईच्या सिविक सेंटरच्या बागेने लाजावं. मग कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो.

फुलमनी आली. तिने वाळू पाहिली, गठ्ठा पाहिला.

"अंकल, हर लकडी के नीचे अंडे थे," ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एका घरट्यातली पिल्लं दोन-तीन दिवसांत निघणार होती. त्याला जाळी लावली नाही, तर कुत्री एकही पिल्लू ठेवणार नव्हती.

तेवढ्यात बायको आली. "कावून काढल्या तुमी काठ्या?"

"पाय अडकून राहिला होता."

"मंग पाय काढायचा होता ना!"

फुलमनीकडे वही होती. कुठलं घरटं कशापासून किती पावलांवर, ते लिहिलेलं. ती पावलं मोजत पुढे, मी गठ्ठा घेऊन मागे. दहा घरटी सापडली. अकरावं, नेमकं फुटायला आलेलं, ओंडक्यापासून सात पावलांवर.

"लठ्ठा कहाँ है?"

मी झाडाखालच्या ओंडक्याकडे बोट दाखवलं.

तिने वही मिटली. "पूरे गाँव को बोला था, मुलुक के आदमी आए हैं." मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. पळूनही जाता येईना, कारण कुठे पाय ठेवला तर खाली काय असेल, कोण जाणे.

मग मीच राखण मागून घेतली. अकरावं घरटं असेल अशा अंदाजाने वाळूवर खुर्ची टाकून तीन दिवस बसलो, कुत्री हाकलत. बायको डबा आणून द्यायची आणि म्हणायची, "झोपू नका. सेफ्टीवाले आहा तुमी."

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला खुर्चीचा एक पाय अचानक खचला. वाकून पाहतो, तर खुर्चीखालून काळी काळी डोकी वर येत होती. तीन दिवस मी त्याच घरट्यावर बसलो होतो!

"अंकल, हिलना मत!" फुलमनी धावत आली. मी दोन्ही पाय हवेत धरून बसलो आणि खालून एकेक पिल्लू समुद्राकडे गेलं. शेवटचं पाण्यात शिरलं तेव्हा मला रडू आलं. पोटऱ्याही भरून आल्या होत्या, पण रडू त्याचं नव्हतं.

निघायच्या दिवशी किनाऱ्यावर नवीन पाटी लागलेली दिसली. 'लकडी मत निकालिए.' खाली तेच मराठीत. त्या बेटावर मराठी लिहिणारं कोण, म्हणून जवळ जाऊन पाहिलं.

अक्षर बायकोचं होतं.