आधी काकांचं नाक

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या नाकाइतकं प्रामाणिक नाक अख्ख्या सोलापुरात दुसरं नसेल. सूतगिरणीत सारं आयुष्य धागा तपासण्यात गेलं. निवृत्तीनंतर तपासायला धागा उरला नाही, तेव्हा त्यांनी जग तपासायला घेतलं. मेथीची जुडी ते उजेडाकडे धरून पाहत, गव्हाची मूठ कानाशी नेऊन हलवत. आमच्या जिन्याला नवा रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला परत बोलावून म्हणाले, "तिसऱ्या पायरीला हात कच्चा पडलाय बघा." खरंच पडला होता.

गेल्या उन्हाळ्यात काकूंनी पाय मोडलेलं एक मांजराचं पिल्लू घरात आणलं. पायाला पट्टी, खाली कुत्री; म्हणजे त्याचे सगळे विधी घरातच. काकांनी दुकानातून मांजरासाठी मिळते ती मातीची पिशवी आणली. पिशवी फोडताच धुरळा उठला आणि काकूंचा दमा उसळला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, एकतर ही धूळ बंद करा, नाहीतर मांजर कुणाला तरी देऊन टाका. त्यांच्या मुलाने पुण्याहून फोनवर मांजर देऊन टाकायचाच धोशा लावला. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळपासून काका त्या मातीला बिनधुळीचा पर्याय शोधायच्या कामाला लागले. त्यांची पद्धत पाहून मी थक्क झाले. गॅलरीत काळ्या छत्रीचं कापड अंथरायचं, शेजारी टोपल्यात नवा जिन्नस ओतून शंभरदा हलवायचा आणि कापडावर किती धूळ बसते ते भिंगातून पाहायचं. मग स्वतःचं नाक टोपल्यात घालून दीर्घ श्वास. "आधी माझं नाक, मग मांजराचं, मग हिचं," हा त्यांचा नियम. वाळू पहिल्याच दिवशी नापास झाली. लाकडाच्या भुशाने काकांना सतरा शिंका आल्या. त्या त्यांनी मोजल्या होत्या. चटणीवाल्याकडून पोतंभर शेंगांची टरफलं आणली, तीन पाण्यांनी धुतली, वाळवून कुटली. धूळ नाही, वास नाही, खर्चही नाही! पण पिल्लाने टोपल्यात पंजा ठेवला, टोचल्यासारखा झटकला आणि लंगडत जाऊन काकांच्या चपलेत कार्यक्रम उरकला. काकांना राग नाही. "त्येचं बरोबर हाय. टरफल मलाबी टोचलं," म्हणाले. त्यांनी खरोखर अनवाणी उभं राहून पाहिलं होतं.

शेवटी जुनं वर्तमानपत्र पास झालं. कागद भिजवायचा, शाईचं पाणी दोनतीनदा ओतून द्यायचं, लगद्यात चिमूट-दोन चिमूट खायचा सोडा मळायचा, घट्ट पिळायचा आणि काकूंच्या सोऱ्यातून शेवेसारखा पाडायचा. सोलापूरचं ऊन! दुपारपर्यंत खडखडीत. गच्चीवर ते वाळवण पाहून समोरच्या वहिनींनी विचारलं, "काका, औंदा कुरडया लई काळ्या झाल्या की!" काकांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "तळू नका, एवढंच."

पिल्लाने त्या शेवया उकरल्या, हुंगल्या आणि काम केलं. काका टोपल्याशेजारी हात जोडून उभे होते. वापरलेला लगदा ते खाली अंगणातल्या जास्वंदीच्या मुळापासून लांब, वेगळ्या खड्ड्यात पुरतात. खाण्याच्या झाडाजवळ तर मुळीच नाही.

पावसाळ्यात मी वर गेले, तर काका इस्त्रीने लगदा वाळवत बसले होते. मला हसू आवरेना. "काका, एका मांजरापायी एवढं?"

त्यांनी इस्त्री उभी केली. "मांजरापायी न्हाय गं पोरी. गिरणीतनं रोज अंगावर कापसाची धूळ घेऊन घरला यायचो. ही कपडे झटकायची, धुवायची. इतकी वर्सं. मला काय झालं न्हाय, हिला दमा झाला. तवा कुटं कळत हुतं?"

काकूंना मी पुढे एकदा हळूच विचारलं, काकांच्या मनात हे असं आहे, तुम्हाला माहीत आहे का? पिल्लू आता चांगलं थोराड झालं होतं, त्यांच्या मांडीवर पसरलं होतं.

"व्हय, ठाऊक हाय की," काकू म्हणाल्या. "पर त्यांची कापडं दुसऱ्या कुणाला धुवाया दिली असती व्हय मी?"

आणि मांजर जागं होऊ नये म्हणून मुंग्या आलेला पाय तसाच ठेवून त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या.