वाकलेल्या तीन पिना

देवरामजींना मराठी येत होतं. हे मला तीन वर्षांनी कळलं, आणि कळलं त्या दिवसापासून त्या तीन वर्षांतलं माझं एकेक वाक्य मला परत ऐकू येतं. ऐकवत नाही, तरी येतं.

जयपुरात प्रताप नगरच्या बाजारात, एका झेरॉक्सवाल्याच्या मागे त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पाटी नव्हती. जवळच्या बस्सी गावाहून रोज स्कूटरवर यायचे, पन्नाशीचे, मेंदी लावून लालसर झालेली भरघोस मिशी. दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "हाथ धोए, कौशिकजी?" मी तेव्हा नववीत. जयपुरात शेंबड्या पोरालाही 'जी' लावतात, हे मला फार आवडायचं. हात धुऊन आलो की शटरच्या लोखंडाला हात लावायला लावायचे, म्हणजे अंगातली वीज उतरते. मगच काउंटरवरच्या एखाद्या पार्टला बोट लावायची परवानगी.

बाबा विमा कंपनीत. त्यांच्या बदलीपायी आम्ही सांगली सोडून जयपूरला आलो होतो. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. वळणावर माझी गाडी जागच्या जागी थिजायची आणि सुटायची तेव्हा भिंतीत असायची. स्वतःच्या हातानं स्वतःचं मशीन जोडायचं, हे वेड तिथून लागलं. आईला मी सांगितलं की शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाहिजे. आईला ते खरं वाटलं नाही, पण सुट्टीत पोरगं उन्हात हिंडण्यापेक्षा बरं, म्हणून ती तयार झाली.

आता आमच्या घरची एक खोड सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. बाहेरगावी राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांना ती असते. दुकानात गेलं की दुकानदाराशी हिंदी आणि आपापसात मराठी. "फार हसू नकोस, भाव वाढवेल." "रंग जाणार ह्याचा, चल पुढे." समोरचा माणूस जणू दगडच. देवरामजींच्या दुकानात पहिल्या दिवशीच आई त्यांच्यासमोर मला म्हणाली, "मिशी बघ, मिशीवरूनच लबाड दिसतोय." मी फिदीफिदी हसलो. हिंदीत मी त्यांना 'आप' म्हणायचो, 'अंकलजी' म्हणायचो, आणि त्याच दमात मराठीत 'हा' आणि 'ह्याला काय कळतंय'. एकाच माणसाला एका जिभेनं नमस्कार आणि दुसरीनं वेडावणं. तेव्हा मला ती हुशारी वाटायची.

वापरलेला पण चांगला मदरबोर्ड देवरामजींनी शोधून दिला. देताना भिंगाखाली धरून मलाही दाखवला, आणि एकच अट घातली. प्रोसेसर त्यांच्यासमोर बसवायचा. "इसमें बाल से भी पतली पिन हैं. जल्दी मत करना."

मी जल्दी केली. घरी कुणी नव्हतं, दुपारची वेळ, एक व्हिडिओ दोनदा बघितला आणि स्वतःला इंजिनियर समजलो. बसवताना प्रोसेसर बोटांतून निसटला आणि कडेनं बोर्डावर आपटला. बोर्डाच्या खाचेत बघितलं तर तीन पिना आडव्या. टाचणीनं सरळ करता येतील का, ब्लेडच्या टोकानं येतील का, सगळं करून बघितलं. स्क्रीन काळीच राहिली.

संध्याकाळी आई आली. मी म्हणालो, बोर्डच खराब निघाला. आईनं चहासुद्धा घेतला नाही, मला स्कूटीवर बसवलं आणि थेट दुकानात. देवरामजींनी बोर्ड पुन्हा भिंगाच्या दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिले. आई त्यांच्यासमोरच, दोन हातांच्या अंतरावर उभी राहून, मराठीत मला म्हणाली, "कौशिक, खरं सांग. तुझ्या हातून काही झालंय का? झालं असेल तर मी रागावणार नाही."

इतकी सोपी संधी कुणाला मिळते? मी म्हणालो, "नाही गं आई. ह्यानंच वाकलेला दिलाय. चोर आहे हा." आणि मान वळवून गोड आवाजात, "अंकलजी, शायद पहले से ही ऐसा था."

देवरामजींनी भिंगावरून डोकं वर केलं. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "हाँ बहनजी, गलती मेरी है. देखकर देना चाहिए था." त्यांनी कपाटातून दुसरा बोर्ड काढला. प्रोसेसर त्यांनी स्वतः बसवला, मला टॉर्च धरायला लावून. टॉर्चचा उजेड भलतीकडेच पडत होता. ते म्हणाले, "आराम से."

घरी येऊन मी मशीन चालू केलं. गाडी वळणावर थिजली नाही. मी त्या दिवशी खुशीत जेवलो, हे लिहायलाही मला लाज वाटते.

पुढची तीन वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिलो. धुळीची आंधी आली की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये वाटीभर धूळ साचायची. ती रंगाऱ्याच्या ब्रशनं कशी झाडायची, पंखा उलटा लावला की काय होतं, कुठला आवाज ऐकला की वायर आधी ओढायची, सगळं त्यांनी शिकवलं. मला ते आवडायला लागले होते. आई बरोबर असली की मात्र आमचा तोच तमाशा. हसू नकोस, भाव वाढवेल. ते आपले स्क्रू फिरवत असायचे.

मग बाबांची नाशिकला बदली झाली. सामान ट्रकनं जाणार, म्हणून देवरामजी म्हणाले, कॅबिनेट इथे आणा, नाजूक पार्ट वेगळे बांधून देतो. आई आणि मी घेऊन गेलो. ते ग्राफिक्स कार्ड काढून थर्माकोलमध्ये ठेवत होते. आई मला म्हणाली, "लक्ष ठेव. तेच कार्ड घालतोय ना बघ. एकदा फसवलंय ह्यानं."

"तेच घालतोय ताई," देवरामजी म्हणाले. "इकडं या, बघून घ्या."

मराठीत. आमच्या सांगलीकडच्या हेलात.

आईचा चेहरा उतरला. "तुम्हाला... मराठी येतं?"

"इचलकरंजीत अकरा वर्षं होतो की. टीव्ही दुरुस्त करायचो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशीच बोलणार होतो," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "पण तोवर तुमचं माझ्या मिशीवर बोलून झालं होतं. म्हटलं, आता बोललो तर तुम्हाला अवघड वाटंल. मग राहूनच गेलं."

आईनं हात जोडले. दुकानात, झेरॉक्सवाल्यादेखत. मग, आई कसली, तिनं विचारलंच, "पण तो पहिला बोर्ड... तो खरंच खराब होता ना?"

देवरामजींनी माझ्याकडे बघितलं. मला बोलायला पुरेल एवढा वेळ बघितलं. मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिलो.

"होय ताई," ते म्हणाले. "चूक माझीच. न बघता दिला."

परत येताना आई स्कूटीवर म्हणाली, "स्वतःची चूक कबूल करायला मन मोठं लागतं. शीक जरा." मी मागे बसून तिच्या पाठीला कपाळ टेकवलं. तिला वाटलं, जयपूर सुटणार म्हणून मला वाईट वाटतंय.

नाशिकला खोकं मीच उघडलं. कार्डाखाली एक चंदेरी पिशवी होती आणि आत तो पहिला बोर्ड. भिंगाची गरजच नव्हती, तिन्ही पिना सरळ उभ्या दिसत होत्या. बरोबर एक चिठ्ठी, मराठीत: "सुईनं सरळ केल्या. चालवून बघितला. हा तुझाच आहे, कौशिक."

आई स्वयंपाकघरात डबे लावत होती. चिठ्ठी चुरगळून टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. दोनदा मी असंच खरं दडपलं होतं. तिसऱ्यांदा जमलं नाही. बोर्ड घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, दुपार, व्हिडिओ, ब्लेड, सगळं.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हात पुसले, माझा फोन घेतला, देवरामजींचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "मराठीतच बोल. चोर म्हणताना येत होतं ना?"

"बोलो कौशिकजी," पलीकडून आवाज आला.

"काका," मी म्हणालो. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना काका म्हणत होतो. "तो बोर्ड मी मोडला होता. मी खोटं बोललो. तुम्हाला चोर म्हणालो."



"आईला सांगितलंस?"

"हो. ती इथेच आहे."

"बरं केलंस. मग आता फोन ताईंना दे," देवरामजी म्हणाले. "त्यांच्याशी दोनदा खोटं बोललोय मी. मलाबी माफी मागायची आहे."

मी फोन आईला दिला.