आईनं लावलेलं मलम

आमच्या घरात मला सावळी म्हणायचे ते फक्त पाहुण्यांसमोर, एरवी काळीच. त्यात तोंडभर मुरुमं. बघायला येणार म्हणून निरोप आला आणि आई मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी रेटिनॉइडचं मलम दिलं आणि बजावलं, वाटाण्याएवढंच घ्यायचं, तेही रात्री, सुरुवातीला एक दिवसाआड. वर साधं मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन लावल्याशिवाय उन्हात जायचं नाही. आपल्यासारख्या गडद त्वचेची आग झाली तर मागे डाग राहतात.

आईला हा सगळा कंजूषपणा वाटला. "एवढ्याशानं काय हुतंय?" म्हणत ती रोज सकाळी माझ्या तोंडाला बेसन-लिंबू चोळायची आणि वर ते मलम स्नो-क्रीमसारखं थापायची. आईनं एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्यापुढे डॉक्टरचंही चालत नसे, मग माझं काय चालणार? वर्षभराचं तिखट, आमच्याकडची चटणी, करून ठेवायचे दिवस होते. गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि मी उन्हात बसून त्यांचे देठ काढायची. चेहरा भाजल्यासारखा झाला, पापुद्रे निघू लागले. मी कळवळले, तर आई खूश.

"कातडं निघतंय म्हंजे काळं निघतंय की. सोस जरा."

निघालं ते कातडंच. खालून गालभर काळे चट्टे उमटले. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. त्यांचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते आईचं. ती माझ्या तोंडाकडे बघेनाशी झाली. जेवायला वाढतानाही नजर ताटातच.

डॉक्टरीणबाईंनी मलम बंद केलं आणि त्वचा शांत झाल्यावर पुन्हा अगदी थोडंथोडं सुरू केलं. सनस्क्रीन लावून, स्कार्फ गुंडाळून मी शिरोलीला कामावर जात राहिले. डाग जायला वर्षाहून जास्त काळ लागला. तेवढ्यात आईच्या रक्तातल्या साखरेनं तिचे डोळे नेले. आता तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो.

डाग गेल्याचं मी तिला सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा सावकाश चाचपला.

"गुळगुळीत लागतंय," ती म्हणाली. "पर डाग हुतं तवाबी गुळगुळीतच लागायचं. माझी समजूत काढतीस न्हवं?"

"न्हाय आई, खरंच गेलेत."

"व्हय," म्हणून तिनं हात काढून घेतले.

अजूनही घरी कुणी आलं की मी चहा टाकायला आत गेल्यावर ती हळूच विचारते, "हिचं तोंड कसं हाय वो आता?" छान आहे, असं सगळे सांगतात. ती मान डोलावते आणि कुणावरच विश्वास ठेवत नाही.